वाचकांचे गणगोत

दर फेब्रुवारीत एक शनिवार-रविवार मी मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमाला सापडत नाही, हे आता बहुतेकांना पाठ झाले आहे. तिळगूळ समारंभ नेमका त्याच तारखेला आला, तर कुणीतरी हसून विचारतेच, "काय, या वर्षीही जत्रा का?" जत्रा हा शब्द अगदीच चुकीचा नाही. बॉस्टनला ‘बॉस्कोन’ नावाचे विज्ञानकथा-वाचकांचे संमेलन भरते, तिथे मी जाते. त्याबद्दल आपल्या लोकांत दोनच समज आहेत. एक, तिथे मोठी माणसे परग्रहवासीयांचे कपडे घालून हिंडतात. दोन, हे पोराटोरांचे वेड आहे. पहिला समज थोडाफार खरा आहे. दुसऱ्यासाठी हा लेख.

‘फॅन’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर नटाच्या बंगल्याबाहेर ताटकळणारी गर्दी येते. त्या गर्दीत सगळ्यांची तोंडे एका खिडकीकडे असतात आणि शेजारी कोण उभे आहे याची कुणाला फिकीर नसते. विज्ञानकथेच्या चाहत्यांचे नेमके उलटे आहे. लेखक हे निमित्त, पण तोंडे एकमेकांकडे. आवडता लेखक कधी भेटेल, कधी भेटणार नाही, तो हयात असेलच असेही नाही. तरी त्याच्या निमित्ताने जमलेली माणसे वर्षानुवर्षे एकमेकांना धरून राहतात. इंग्रजीत या सगळ्या गोतावळ्याला ‘फॅनडम’ म्हणतात. मी ‘गणगोत’ म्हणते, कारण त्यात प्रेम, रुसवेफुगवे, भाऊबंदकी असे सगळेच आहे.

या गणगोताचा जन्म एका साध्या छपाईच्या निर्णयातून झाला. ह्यूगो गर्न्सबॅक हा लक्झेंबर्गचा माणूस १९०४ साली अमेरिकेत आला. रेडिओचे सुटे भाग विकणे आणि त्या विषयाची मासिके काढणे हा त्याचा धंदा. एप्रिल १९२६ मध्ये त्याने ‘अमेझिंग स्टोरीज’ हे केवळ विज्ञानकथांना वाहिलेले मासिक सुरू केले. किंमत पंचवीस सेंट. त्यात वाचकांच्या पत्रांचे सदर होते आणि पत्रलेखकाच्या नावाखाली त्याचा पूर्ण पत्ता छापला जाई. गावात आपल्यासारखे वेड असलेला आपण एकटेच, असे वाटणाऱ्या पोरांना एकदम कळले की पलीकडच्या गल्लीत आणखी एकजण आहे! मग पत्रे संपादकाला न जाता थेट एकमेकांना जाऊ लागली, भेटी होऊ लागल्या आणि गावोगावी मंडळे निघाली.

मंडळ निघाले की अंक निघतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको! शाळेत आपण हस्तलिखिते काढायचो, तसेच हे. १९३० सालच्या मे महिन्यात ‘द कॉमेट’ नावाचे पत्रक निघाले. वाचकांनी वाचकांसाठी काढलेल्या अंकांचा मूळपुरुष म्हणून त्याचे नाव घेतात. अशा अंकांना १९४० साली ‘फॅनझीन’ हे नाव पडले. क्लीव्हलंडच्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन शाळकरी मित्रांनी १९३३ साली असाच एक चक्रमुद्रित अंक काढला होता. त्यांनीच पुढे सुपरमॅनला जन्म दिला आणि १९३८ मध्ये तो जगापुढे आला. शाळेतल्या हस्तलिखितांना हसू नये, ते यासाठी.

या अंकांचा व्यवहार मोठा गमतीचा असे. किमतीच्या जागी पुष्कळदा ‘नेहमीचे’ एवढेच लिहिलेले असे. नेहमीचे म्हणजे काय? तर अंक वाचून सविस्तर अभिप्रायाचे पत्र पाठवा, किंवा एखादा लेख वा चित्र द्या, किंवा आपला अंक आम्हाला पाठवा. पैसे नकोत, प्रतिसाद हवा. १९३७ मध्ये तर डोनाल्ड वोलहाइम याने आणखी पुढची व्यवस्था लावली. प्रत्येक सभासदाने आपल्या चार पानांच्या, सभासद जितके असतील तितक्या प्रती काढायच्या आणि सगळ्या एका माणसाकडे पाठवायच्या. तो प्रत्येकाची एकेक प्रत घेऊन गठ्ठे बांधणार आणि सर्वांना टपालाने रवाना करणार. आलेला गठ्ठा वाचायचा आणि पुढच्या खेपेच्या आपल्या पानांत इतरांना उत्तरे द्यायची. थोडक्यात, ही शब्दांची भिशी! भिशीचा नियमही तोच: नुसते घेऊन चालत नाही, आपला हप्ता भरावा लागतो.

माझा स्वतःचा या गोतात शिरकाव झाला तो आयझॅक असिमॉव्हच्या बोटाला धरून. तो माझा आवडता लेखक, आणि त्याची गोष्ट आपण परदेशस्थ मंडळींनी ऐकावी अशी आहे. १९२० साली रशियातल्या पेत्रोविची गावी जन्म. १९२३ मध्ये, तीन वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर अमेरिकेत. ब्रुकलिनमध्ये वडिलांचे गोळ्या-चॉकलेटचे दुकान होते आणि तिथे मासिकेही विकायला ठेवलेली असत. असली चटोर मासिके वाचायची नाहीत, ही वडिलांची ताकीद. १९२९ मध्ये ‘सायन्स वंडर स्टोरीज’ निघाले तेव्हा पोराने नावातला ‘सायन्स’ शब्द दाखवला आणि वडील विरघळले. पोर शास्त्राचे वाचते म्हटल्यावर कुठले परदेशी आलेले आईबाप नाही म्हणतील? विकायचा माल म्हणून तो मासिक जपून वाचायचा आणि घडी न मोडता पुन्हा मांडणीवर ठेवायचा.

१९३८ च्या मे महिन्यात त्याचे लाडके ‘अस्टाउंडिंग’ वेळेवर आले नाही. अठरा वर्षांचा हा मुलगा चौकशी करायला थेट प्रकाशकाच्या कचेरीत गेला. अंक निघण्याचा वार बदलला आहे एवढेच कळले, पण कचेरीची पायरी ओळखीची झाली. जूनमध्ये तो स्वतः लिहिलेली गोष्ट घेऊन तिथे पुन्हा गेला. संपादक जॉन कॅम्पबेल त्याच्याशी तासभर बोलला. गोष्ट दोन दिवसांत साभार परत आली, पण सोबत पत्र होते, काय जमले नाही ते सांगणारे. त्याच सप्टेंबरात तो ‘फ्यूचुरियन्स’ या न्यूयॉर्कमधल्या चाहत्यांच्या मंडळात सामील झाला आणि मार्च १९३९ च्या ‘अमेझिंग’मध्ये त्याची पहिली गोष्ट छापून आली. त्या एका मंडळातून फ्रेडरिक पोल, सिरिल कॉर्नब्लुथ, जेम्स ब्लिश, डेमन नाइट, ज्यूडिथ मेरिल असे किती लेखक-संपादक निघाले! या साहित्यात वाचक आणि लेखक यांच्यामध्ये भिंत कधी नव्हतीच, फार तर उंबरठा होता.

हा उंबरठा दोन्ही बाजूंनी ओलांडला जातो. लॅरी निव्हनची ‘रिंगवर्ल्ड’ ही कादंबरी १९७० मध्ये आली. ताऱ्याभोवती पृथ्वीच्या कक्षेएवढ्या त्रिज्येचे एक प्रचंड कडे कुणीतरी बांधले आहे आणि त्याच्या आतल्या अंगावर माणसे राहतात, अशी कल्पना. १९७१ चे जागतिक संमेलन बॉस्टनला होते आणि त्या वर्षीचे ह्यूगो पारितोषिक याच कादंबरीला मिळाले. पण त्याच संमेलनात एमआयटीचे विद्यार्थी हॉटेलच्या व्हरांड्यातून "रिंगवर्ल्ड अस्थिर आहे!" अशा घोषणा देत फिरत होते.

त्यांचे म्हणणे खरे होते. ग्रह ताऱ्याभोवती फिरतो तेव्हा तो कक्षेत बांधलेला असतो; जरासा धक्का बसला तर कक्षा थोडी बदलते, एवढेच. सलग, ताठ कड्याचे तसे नाही. तारा बरोबर मध्यावर असेल तोवर सगळीकडची ओढ सारखी आणि एकमेकींना खोडणारी. पण कडे केसभर जरी सरकले, तरी ताऱ्याच्या जवळ आलेली बाजू जास्त ओढली जाते, त्यामुळे ती आणखी जवळ येते, म्हणून आणखी ओढली जाते. टेकडीच्या टोकावर तोललेल्या गोट्यासारखे हे. एकदा कलंडला की परत वर येत नाही. शनीची कडी सलग घन असूच शकत नाहीत, हे मॅक्सवेलने १८५९ मध्ये सिद्ध केले, त्यातही हाच विचार आहे. निव्हनने काय केले? रागावला नाही. पुढच्या ‘रिंगवर्ल्ड एंजिनिअर्स’ या कादंबरीत त्याने कडे मध्यावर ठेवण्यासाठी काठाला रॉकेटे बसवली आणि ती मोडली तर काय होईल, यावरच कथानक उभे केले. वाचकाने चूक काढणे हा इथे अपमान धरत नाहीत; पुस्तक मनापासून वाचल्याची ती पावती असते.

आता संमेलनाविषयी. पहिले कोणते, यावर अजून वाद आहे. ऑक्टोबर १९३६ मध्ये न्यूयॉर्कचे काही चाहते आगगाडीने फिलाडेल्फियाच्या चाहत्यांना भेटायला गेले, ते पहिले, असे अमेरिकन म्हणतात. जानेवारी १९३७ मध्ये इंग्लंडात लीड्सला रीतसर भरलेले पहिले, असे ब्रिटिश म्हणतात. त्या लीड्सच्या संमेलनाला आर्थर क्लार्क हजर होता. पहिले जागतिक संमेलन १९३९ च्या जुलैत न्यूयॉर्कला भरले, सुमारे दोनशे माणसे जमली. शहरात तेव्हा जागतिक प्रदर्शन चालू होते, त्यावरून नावात ‘जागतिक’ आले. महायुद्धाच्या काळातला खंड सोडला तर ते दरवर्षी भरत आले आहे. १९५७ मध्ये लंडन, १९७० मध्ये हायडेलबर्ग, २००७ मध्ये योकोहामा, २०२३ मध्ये चीनमधले चेंगडू, २०२४ मध्ये ग्लासगो असे फिरत फिरत.

यामागे कायमचे कार्यालय नाही, पगारी माणूस नाही. पुढे कुठे भरवायचे ते सभासद मतदानाने ठरवतात आणि त्या गावचे चाहते सतरंज्या उचलण्यापासून हिशेबापर्यंत सगळे फुकट करतात. आपल्या अधिवेशनांसाठी राबलेल्यांना हे निराळे समजावून सांगायला नको! फरक एक आहे. तिथे ‘प्रेक्षक’ नावाचा वर्गच नाही. तिकीट म्हणत नाहीत, सभासदत्व म्हणतात. एका खोलीत परिसंवाद, दुसरीत जुन्या पुस्तकांची दुकाने, तिसरीत रात्री उशिरापर्यंत चालणारी विज्ञानकथांवरची गाणी. एखाद्या टेबलाभोवती आठ-दहा वाचक आणि एक लेखक कॉफी पीत बसलेले. मला सगळ्यात आवडते ती फुकट चहा-फराळाची खोली. तिथे कुणीही कुणाशीही बोलायला सुरुवात करते, आणि पहिला प्रश्न "तुम्ही मूळच्या कुठल्या?" हा नसतो. "सध्या काय वाचताय?" हा असतो. इतकी वर्षे या देशात राहून पहिल्या प्रश्नाची उत्तरे देत आलेल्या बाईला दुसऱ्या प्रश्नाने किती हलके वाटते, ते वेगळे सांगायला नको.

सभासदांचा सर्वांत मोठा हक्क म्हणजे ह्यूगो पारितोषिकांचे मत. गर्न्सबॅकच्या नावाची ही पारितोषिके १९५३ मध्ये फिलाडेल्फियाला प्रथम दिली गेली. परीक्षक मंडळ नाही, वाचकच परीक्षक. मतमोजणीची पद्धत मात्र समजून घेण्यासारखी आहे. समजा, मंडळाच्या जेवणाला कोणते गोड करायचे यावर शंभर जणांनी मते दिली. श्रीखंडाला ४०, पुरणपोळीला ३५, बासुंदीला २५. आपल्या नेहमीच्या हिशेबाने श्रीखंड जिंकले, जरी साठ जणांना ते पहिल्या पसंतीचे नव्हते. ह्यूगोच्या पद्धतीत प्रत्येकजण पसंतीक्रम लिहितो. सर्वांत मागे राहिलेली बासुंदी बाद होते आणि तिच्या २५ मतपत्रिकांवरची दुसरी पसंती पाहतात. त्यांतल्या २० जणांनी पुरणपोळी लिहिली असेल आणि पाचांनी श्रीखंड, तर निकाल पुरणपोळी ५५, श्रीखंड ४५. आणखी एक गंमत म्हणजे यादीत ‘कोणालाच नको’ हाही एक उमेदवार असतो.

या उमेदवाराचे महत्त्व २०१५ मध्ये कळले. एका गटाने आधीच ठरवलेली नावांची यादी फिरवून नामांकनाच्या जागा बळकावल्या, तेव्हा सभासदांनी पाच विभागांत ‘कोणालाच नको’ला निवडून दिले. पुढे नामांकनाची मोजणी बदलण्यात आली आणि २०१७ पासून ती लागू झाली. २०२३ च्या चेंगडू संमेलनात आर. एफ. क्वांग यांच्या ‘बेबल’सारख्या गाजलेल्या कादंबरीला कारण न देता अपात्र ठरवले गेले. जानेवारी २०२४ मध्ये आकडे जाहीर झाल्यावर ते उजेडात आले. काही लेखकांची राजकीय दृष्टीने तपासणी झाली होती, असेही मागोमाग बाहेर पडलेल्या पत्रव्यवहारावरून दिसले. त्यानंतर ग्लासगोच्या कार्यकर्त्यांनी बनावट वाटलेली ३७७ मते बाद केली, तेव्हा आकडा आणि कारण दोन्ही निकालाआधी जाहीर करून टाकली. एखादी संस्था स्वच्छ आहे की नाही, ते तिच्यात भानगड झाली का यावरून ठरत नाही. झालेली भानगड सभासदांपुढे मांडली जाते का, यावरून ठरते.

या गणगोताचे सगळेच मी गोडगोड सांगितले, तर ती जाहिरात होईल. पहिल्याच जागतिक संमेलनात, १९३९ मध्ये, आपसातल्या भांडणापायी फ्यूचुरियन्सपैकी सहा जणांना दारातून परत पाठवले गेले. असिमॉव्ह मात्र आत गेला. भविष्यकाळाची स्वप्ने पाहणाऱ्यांत जुने दोष नसतात असे नाही. ज्या कॅम्पबेलने असिमॉव्हला घडवले, त्याची वर्णभेदी मते सर्वांना माहीत होती, तरी नवोदित लेखकाचे पारितोषिक कित्येक वर्षे त्याच्याच नावाने दिले जाई. २०१९ मध्ये डब्लिनच्या संमेलनात ते स्वीकारताना, हाँगकाँगमध्ये जन्मलेल्या जेनेट इंग यांनी व्यासपीठावरूनच त्याला हरकत घेतली आणि काही दिवसांत पारितोषिकाचे नाव बदलले.

आणि स्वतः असिमॉव्ह? संमेलनांत स्त्रियांना नको तसा स्पर्श करण्याची त्याची खोड होती. त्या काळी लोक तिच्यावर विनोद करत. बायकांनी मात्र काय सोसले ते नंतर लिहून ठेवले आहे. तो १९९२ मध्ये वारला. मी त्याला कधी भेटले नाही. त्याचा ‘फाउंडेशन’ माझ्या कपाटात आजही हाताशी आहे, आणि हेही मला ठाऊक आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात बाळगणे सोपे नाही. पण देव्हाऱ्यात बसवलेल्या माणसाविषयी बोलता येत नाही, शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाविषयी येते. आता बहुतेक संमेलनांत वागणुकीचे लेखी नियम असतात आणि तक्रार कुणाकडे करायची ते दारातच सांगतात. मी मुलीला बरोबर नेते, ती या नियमांच्या भरवशावर.

आपल्या मराठीत विज्ञानकथा आहे, वाचकही आहेत. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या गोष्टीला पहिले बक्षीस मिळाले. लेखक नारायण विनायक जगताप. नावाची आद्याक्षरे उलटी वाचा: ज. वि. ना., म्हणजे जयंत विष्णू नारळीकर! आपल्या नावाचे वजन परीक्षकांवर पडू नये, म्हणून केंब्रिजला फ्रेड हॉयलच्या हाताखाली तयार झालेल्या या शास्त्रज्ञाने टोपणनाव घेतले. तेच पुढे २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. मे २०२५ मध्ये ते गेले, तेव्हा मला एक गोष्ट जाणवली. ‘यक्षांची देणगी’ किंवा ‘वामन परत न आला’ वाचून मोठी झालेली माझ्यासारखी शेकडो माणसे इथे परदेशात असतील, पण त्या दिवशी फोन करून बोलावे असे मला फक्त दोघेजण माहीत होते. लेखक होता, वाचक होते, पण वाचकांना एकमेकांचे पत्ते ठाऊक नव्हते.

इथेच मला आपल्या मंडळाला काही सांगायचे आहे. आपल्या वाचनकट्ट्याला हल्ली पाच-सहा डोकी जमतात आणि नवा माणूस आला तर दुसऱ्यांदा दिसत नाही. पुस्तके मिळत नाहीत, हे कारण आता उरले नाही. मला वाटते, आपण नवागताला श्रोता करून बसवतो. त्याच्याकडून काही मागत नाही. विज्ञानकथावाल्यांनी शंभर वर्षे जो डोलारा सांभाळला, त्याचे मर्म ‘नेहमीचे’ या एका शब्दात आहे. अंक घ्या आणि त्याबदल्यात आपले मत द्या. चूक काढा, भांडा, पण उत्तर द्या. ज्याच्याकडून काहीतरी अपेक्षा आहे, त्यालाच आपण तिथले आहोत असे वाटते.

ज्यांना या गोतात यावेसे वाटेल, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. पहिल्या खेपेला मोठ्या जागतिक संमेलनाला जाऊ नका, गांगरून जाल. आपल्या भागातले लहान संमेलन गाठा आणि तासभर तरी मदतीला उभे राहा. नावाच्या पट्ट्या वाटताना जितक्या ओळखी होतात, तितक्या परिसंवाद ऐकून होत नाहीत. आणि सगळे वाचलेले नाही म्हणून संकोचू नका. एक पुस्तक मनापासून वाचले असेल, तर बोलायला तेवढे पुरते.

आणि ज्यांना विज्ञानकथेत रस नाही, त्यांनी निदान या लेखाची किंमत चुकती करावी. किंमत नेहमीचीच. तुमच्या आवडत्या मराठी लेखकाबद्दल चार ओळी संपादकांकडे पाठवा आणि नावाखाली गावही लिहा. पुढच्या पुरवणीत ती सगळी पत्रे गावांसकट छापावीत, अशी विनंती मी संपादकांना केली आहे. पलीकडच्या गल्लीत आणखी एकजण असेल, कुणी सांगावे!